उंबऱ्यापासून नऊ फूट

खोली बघायला आला तेव्हा त्यानं छपराकडं बघितलं नाही की खिडकीकडं बघितलं नाही. सरळ आत गेला, भिंतीवर बोटानं टकटक केलं आणि मला विचारलं, "अक्का, इथं खिळे मारले तर चालंल का?"

"किती मारायचेत?"

"चाळीसेक."

गावात आणखी तीन खोल्या रिकाम्या होत्या. माझ्या खोलीपेक्षा बऱ्या होत्या आणि वरच्या आळीला होत्या. आमचं घर भीमनगरात, गावाच्या अगदी शेवटाला. पण त्या तिन्ही घरमालकांनी खिळ्यांना नाही म्हटलं होतं. मी म्हटलं, मार. भिंत काय ओरडणार होती?

असा तो राहायला आला आणि दोन वर्षं राहिला. त्याचं नाव मी लिहीत नाही. गाव त्याला टेपवाले म्हणायचं, तेवढं पुरे. हिमायतनगरकडचा माणूस. आमच्या गावाला नळयोजना मंजूर झाली, तिचा ठेका लातूरच्या एका ठेकेदारानं घेतला आणि त्या ठेकेदारानं हा सुपरवायझर इकडं देवणी तालुक्यात पाठवला. पन्नाशी ओलांडलेला, वाळल्या शेंगेसारखा, कमरेला मोजायची टेप. बाकीचे लोक खिशात मोबाइल चाचपतात तसा हा अधूनमधून कमरेची टेप चाचपायचा.

खिळे त्यानं कागद लावायला मारले होते. दिवसभर जेवढा पाइप जमिनीत जाईल तेवढा तो संध्याकाळी कागदावर काढायचा. कागदाला हात लावायच्या आधी हात धुवायचा, पुसायचा, चप्पल बाहेर काढायचा. मी चहा घेऊन गेले की म्हणायचा, "अक्का, चहा दाराशीच ठेवा. कागदापासून चार हात."

"देवपूजा मांडलीस काय रे भाऊ?"

"देवाला चूक चालती, अक्का. पायपाला न्हाई चालत."

पावलं मोजत चालायचा, आणि मोजायचा ते तेलुगूत. ओकटी, रेंडू, मूडू, असं तोंडातल्या तोंडात. त्याची आजी तिकडची होती, आकडे तिनं शिकवले, ते तसेच राहिले. वाटेत कोणी "रामराम टेपवाले" म्हटलं तर थांबायचा नाही, हात वर करायचा आणि पुढचा आकडा म्हणायचा. नवीन माणसाला वाटायचं, हा शिव्या देतोय.

डावीकडं-उजवीकडं असं कधी बोलला नाही. डावं-उजवं माणूस वळला की बदलतं म्हणे. त्याच्या बोलण्यात दोनच दिशा, टाकीकडं आणि ओढ्याकडं. "अक्का, मिठाचा डबा टाकीकडं सरकवा," असं जेवताना म्हणायचा. पहिले पंधरा दिवस मी कपाळाला हात लावला. मग मीच शेजारणीला म्हणाले, जरा ओढ्याकडं सरक, आणि ती सरकली. हा रोग सगळ्या गल्लीला लागला होता.

पण त्याचं खरं खूळ होतं पोच. कोणी काही दिलं की घेणाऱ्यानं पोच लिहून द्यायची, म्हणजे मिळालं असं लिहून खाली सही. खोलीची चावी मी त्याला दिली, त्यानं पोच लिहून दिली. त्यानं मला माझा तवा परत केला, माझ्याकडून पोच मागितली. एकदा मी त्याला मूठभर कोथिंबीर दिली तर कागदाचा कपटा घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं, "कोथिंबीर एक मूठ, ताजी, मिळाली." खाली सही आणि तारीख. मला शंभर पानी वहीच आणून दिली, पोच लिहायला. मी चौथी शिकलेली बाई. लग्न झाल्यापासून सही सोडून काही लिहिलं नव्हतं. माझं अक्षर बघून तो म्हणाला, "बैलानं मुतल्यासारखं हाय, पण वाचता येतंय. तेवढं बस."

एकदा मला ताप आला. देवणीला जाऊन हा गोळ्या घेऊन आला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि वही पुढं केली. मी ती वही त्याच्या अंगावर फेकली. दुसऱ्या दिवशी सकाळी वही परत उशाशी, वर पेन्सिल. शेवटी लिहून दिलं, "गोळ्या सहा मिळाल्या. ताप गेला नाही." त्यानं वाचलं आणि म्हणाला, "हे बराबर लिवलं तुम्ही."

त्याच्या बायकोशी मी एकदाच फोनवर बोलले. हा बाहेर होता, मोबाइल खोलीत वाजत होता. मी विचारलं, "बाई, हा घरी पण असाच का?"

ती हसायलाच लागली. "घरी तर हळदीच्या डब्यावर तारीख हाय, ताई. राहू द्या तिकडंच थोडे दिवस. मी जराक निवांत हाय."

मला त्याचं कौतुक होतं असं कोणी समजू नये. त्रासच जास्त व्हायचा. पण खोटं बोलणारा नव्हता आणि भाजीला नावं ठेवत नव्हता. भाडेकरूकडून याहून जास्त मी मागत नाही.

आता ज्यांच्या घरी नळ उघडला की पाणी येतं त्यांना कळावं म्हणून सांगते. नळयोजना म्हणजे जमिनीतला पाइप आणि पाइपाला मधेमधे बसवलेले वॉल. वॉल फिरवला की पाणी या गल्लीचं त्या गल्लीला जातं. पाइप फुटला की तो बंद करायचा, जोडायचा, परत उघडायचा. म्हणजे वॉल कुठं पुरलाय ते ठाऊक पाहिजे. काम चालू असतं तेव्हा सगळ्यांना ठाऊक असतं. वर्षभरात झाकणावर माती बसते, कोणी वाळू टाकतं, कोणी सरपण रचतं, आणि मग कोणालाच ठाऊक नसतं.

हे मला त्यानंच सांगितलं. आधी तो नांदेडकडच्या एका गावात कामाला होता. काम झालं, ठेका संपला, कागद ठेकेदारानं नेले, ठेकेदाराचं ऑफिस बदललं, कागद गेले. चार वर्षांनी पाइप फुटला. गावानं याला शोधून बोलावलं. हा मोठ्या तोऱ्यात गेला, मीच टाकलाय म्हणाला. तीन दिवस गल्ली उकरली.

"सापडला न्हाई, अक्का. मीच टाकलेला पायप आणि मलाच सापडला न्हाई. एका म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. रिकामा हंडा घेऊन परत गेली."

त्या दिवसापासून त्यानं स्वतःच्या आठवणीवर भरवसा ठेवायचा सोडला, असं तो म्हणाला. मी म्हटलं, म्हणून काय कोथिंबिरीची पोच? तर म्हणाला, सवय सगळीकडं एकच पाहिजे.

आमचं काम संपलं. टाकी भरली, नळाला पाणी आलं, ठेक्याची मुदत संपली आणि ठेकेदारानं याला कामावरून मोकळं केलं. निरोप आला, सगळे कागद आणि वह्या घेऊन लातूरला या. हा गेला नाही. मग एक दिवस ठेकेदाराची पांढरी गाडीच माझ्या अंगणात आली. बरोबर सरपंच होता.

ठेकेदार माणूस वाईट नव्हता. घाईतला होता. खाटेवर बसला आणि म्हणाला, "पाइप माझा, चर मी खणली, पगार मी दिला. मग कागद कुणाचे, टेपवाले?"

"तुमचेच, मालक. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? आत्ता न्या. फकस्त पोच द्या."

"देतो की पोच."

"पोचमधी लिवा, फायलीतला नकाशा कामाच्या आधीचा हाय आणि हे कागद कामानंतरचे."

इथं सगळं अडलं. फाईल ठेकेदारानं आधीच तयार केलेली होती. तिच्यातला नकाशा काम सुरू व्हायच्या आधी ऑफिसात बसून काढलेला. पण खणताना कुठं कातळ लागला, कुठं कोणाचा ओटा आडवा आला, कुठं जुनं थडगं निघालं. पाइप वळवला, वॉल सरकवले. ते सगळं याच्या कागदावर होतं, फायलीत नव्हतं.

"तसं लिहिलं तर फाईल पुन्हा करावी लागंल," ठेकेदार म्हणाला. "पुन्हा तपासणी. मी ह्या गावात आणखी सहा महिने अडकून पडतो."

"मग पडा की. गाव चांगलं हाय."

ठेकेदारानं माझ्याकडं बघितलं. "आजी, तुमच्या भाडेकरूला जरा समजवा."

मी म्हटलं, "दोन वर्षं झाली, चहा बसल्या जागी पी म्हणून समजावते. ते समजलं न्हाई त्याला. हे कुठून समजंल?"

हसले सगळे. पण मला हसायला जागा नव्हती, कारण सही माझी लागणार होती. गावाच्या पाणी समितीत बाया पाहिजेत असा नियम आहे. बाकीच्या बायांना घरी विचारावं लागतं, मला विचारायला घरी कोणी नाही, म्हणून मला घेतलं. कामाचा ताबा मिळाला, सगळे कागद मिळाले, अशा कागदावर सरपंचाच्या सहीखाली माझी सही झाल्याशिवाय ठेकेदार सुटत नव्हता.

त्या दिवसापासून सरपंच रोज यायचा. "मावशी, पाणी आलं का न्हाई नळाला?"

"आलं."

"मग कागद काय प्यायचेत का? ताबा झाला न्हाई तर सोमवारपासून ठेकेदाराचा माणूस मोटार चालू करणार न्हाई. सगळं गाव तुमच्या दारात येईल, मी सांगून राहिलो."

खरं होतं ते. सही नाही केली तर पाणी बंद, आणि नाव माझं. सही केली तर पुढच्या पहिल्या गळतीला वॉल सापडणार नाही, आणि पाइप फुटला की वरची आळी आधी भरून घेणार, आमच्या भीमनगराच्या नळाला नुसती हवा. मी हे कोणावर राग धरून लिहीत नाही. मी वरच्या आळीला राहत असते तर मीही आधी भरून घेतलं असतं. पण मी खाली राहते. नळ यायच्या आधी तीस वर्षं मी शेतातल्या विहिरीवरून पाणी आणलं, आणि दोन वर्षांनी परत तिकडं जायची माझी तयारी नव्हती.

सरपंचानं सोमवारी ताब्याचा कार्यक्रमच ठेवला. ग्रामपंचायतीपुढं मांडव घातला, हार आणले, शिरा-पुरीचा बेत केला. मला वाटतं, एवढा शिरा शिजल्यावर म्हातारी नाही कशी म्हणंल, असा त्याचा हिशेब होता. टेपवाले मांडवाच्या बाहेर, कागदांचं भेंडोळं काखेत धरून उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही.

ठेकेदारानं फाईल माझ्या मांडीवर ठेवली. रंगीत नकाशा, गुळगुळीत कागद, लग्नपत्रिकेसारखी. मला नकाशा कळत नाही. पण माझी गल्ली कळते.

मी म्हटलं, "ह्याच्यात आमची गल्ली सरळ हाय."

"नकाशात सगळं सरळच असतं, आजी."

"आमची गल्ली माझ्या आजेसासऱ्यापासून सरळ न्हाई. तुम्ही कधी केली?"

लोक हसले. ठेकेदारही हसला. मी फाईल मिटली आणि म्हटलं, "भीमनगराकडं पाणी सोडायचा वॉल हाय ना, तेवढा ह्या फायलीवरून मला उकरून दाखवा. सापडला की लगेच सही. शिरा गरम हाय तोवर होऊन जाईल."

सरपंच म्हणाला, "मावशी, आता हे काय काढलं?" पण लोकांना तमाशा पाहिजेच असतो. आधी वरच्या आळीतलेच उठले. कोणी टिकाव आणला, कोणी पहार. फायलीत वॉल चौकात दाखवला होता. चौकात मांडीएवढा खड्डा झाला. काळी माती निघाली, एक फुटकी बांगडी निघाली. वॉल नाही.

ठेकेदाराच्या तोंडावरचं हसू गेलं. तो टेपवाल्यावर घसरला. "आता तुम्ही काढा. दोन वर्षं भिंतीला चित्रं लावत होतात ना? दाखवा काय काढलंय ते."

हा पुढं आला. हात झटकले, भेंडोळं सोडलं, एक कागद काढला. चौकाच्या कडेला केरबाचं घर, त्याच्यासमोर गेला. कागदावर लिहिलं होतं, केरबाच्या दाराच्या उंबऱ्यापासून टाकीकडं नऊ फूट. त्यानं टेप उंबऱ्याच्या मधोमध धरली, नऊ फुटांवर टाचेनं खूण केली आणि म्हणाला, "इथं. दोन फूट खाली."

दोन फूट खणलं. तीन फूट खणलं. पहार मातीतच गेली. वॉल नाही.

कोणीतरी म्हणालं, "ह्याचं बी तसंच!" आणि सगळा चौक हसला. आता ठेकेदारही परत हसायला लागला.

टेपवाले हसला नाही. कागद बघितला, टेप बघितली, परत मोजलं. परत नऊ फूट. मग तो खड्ड्याच्या कडेला मातीतच बसला. दोन वर्षांत मी त्याला असा खाली बसलेला बघितला नव्हता, जेवायला बसतानाही तो आधी जागा झटकायचा. तोंड पांढरं पडलं होतं. "मीच टाकलाय," एवढंच म्हणाला, कोणाकडं न बघता.

सरपंचानं पेन काढलं. "चला मावशी. झालं ना बघून? दोघांचं बी खोटं. पाणी तर खरं हाय. करा सही."

मी पेन हातात घेतलं होतं, हे लपवत नाही. पेन घेतलं आणि केरबाच्या दाराकडं बघितलं, कारण केरबाची बायको गोदावरी तिथं उभी होती. दार हिरव्या रंगाचं, चकचकीत. मला वाटलं, हे दार एवढं नवं कसं?

"गोदावरी," मी म्हटलं, "हे दार कधी फोडलंस गं?"

"औंदा की, अत्याबाई. संक्रांतीच्या आधी."

"आणि जुनं?"

"जुनं बुजवलं न्हाई का? गाय दोनदा गाभडली, तवा उदगीरच्या वास्तू बघणाऱ्या माणसानं सांगितलं, दार दक्षिणेला हाय म्हणून. मग इकडं उगवतीला फोडलं."

केरबाची गाय देवणी जातीची, दिसायला सुरेख. तिला दाराशी काय देणंघेणं ते मला माहीत नाही. पण दार हललं होतं, आणि गावात कोणाच्या लक्षात नव्हतं, कारण केरबाचं घर म्हटलं की केरबाचं घर, दार कुठंही असो.

मी गोदावरीला घेऊन घराच्या त्या अंगाला गेले. चुन्याखाली ती जागा दिसतसुद्धा नव्हती. विळ्यानं चुना खरवडला, खाली मातीचा लेप, त्याच्याखाली उंबऱ्याचा काळा दगड. मी ओरडले, "ए भाऊ, ऊठ. टेप आण हिकडं."

तो उठला. त्यानं टेप उंबऱ्यावर धरली, दुसरं टोक मी धरलं. ओकटी, रेंडू, मूडू. नऊ फुटांवर गोदावरीचं सरपण होतं. सरपण काढलं, दोन फूट खणलं, आणि पहार ठणकन वाजली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठेकेदारानं डोक्यावरची टोपी काढून परत घातली. मला वाटलं, आता हा खूश होईल. तर हा आणखीच घाबरला.

"अक्का, सगळेच उंबरे घेतले म्या. एकतीस वॉल, एकतीस उंबरे. मला वाटलं माणूस बदलंल, भिंत बदलंल, उंबरा कोण काढतंय? कच्चे हायत माझे कागद. सगळे कच्चे. पुन्हा मोजावं लागंल."

"आता तुम्हीच म्हणून राहिले का पुन्हा?" ठेकेदार म्हणाला. "ठेका संपला हो!"

मी म्हटलं, "चौकातला खड्डा सगळ्यांनी बघितला, ठेकेदार साहेब. तुमची फाईल बी बघितली. हे नवे कागद पक्के होतील, त्यावर तुमचा शिक्का पडंल, त्या दिवशी माझी सही. तोवर मोटार चालू ठेवा. पाणी बंद झालं तर मी ह्या सगळ्यांना घेऊन लातूरला तुमच्या दारात येईन. ह्यांना शिरा लागतो, ते बी सांगून ठेवते."

ठेकेदारानं खड्ड्याकडं बघितलं, लोकांकडं बघितलं. "चार दिवस," तो म्हणाला. "पाचव्या दिवशी मी शिक्का घेऊन येतो, आजी. त्याच्यापुढं एक दिवस न्हाई."

सरपंच रुसला होता. पण शिरा वाया जाऊ दिला नाही, वाढला. टेपवाल्याला त्या दिवशी मांडवात पहिल्या रांगेत बसवलं. तो जेवता जेवता मांडवाचा खांब तिरका आहे असं शेजारच्याला सांगत होता.

मग प्रश्न आला, मोजायचं कशापासून? गावात न हलणारं काय आहे? संध्याकाळी पारावर यावर मोठी हुज्जत झाली. कोणी म्हणालं, मारुतीचं देऊळ. टेपवाले म्हणाला, "त्याचा जीर्णोद्धार हाय, परवाच सरपंचांनी नारळ फोडला." कोणी म्हणालं, लायटीचा खांब. तो दर पावसाळ्यात वाकतो. हातपंप? नळ आल्यावर तो निघणार. लिंबाचं झाड? त्यावर केरबाच्याच भावकीत भांडण चालू. शेवटी चार गोष्टी राहिल्या: पाण्याची टाकी, चौथऱ्याचा जुना आड, निजामाच्या मोजणीचा दगड आणि आमच्या विहारापुढचा ध्वजाचा कट्टा. त्यानं ठरवलं, प्रत्येक वॉल यातल्या दोन जागांपासून मोजायचा. एक खोटी पडली तर दुसरी आहे.

चार दिवस मी टेपचं दुसरं टोक धरून गावभर फिरले. दुसरं कोणी फिरेना. आणि तो म्हणाला, ज्याला कागद घ्यायचे त्यानं चालून घ्यायचे. माझ्या गुडघ्यांना हे कोणी विचारलं नाही. एकतीस ठिकाणी उभी राहिले. त्यानं कागदावर ग्रामपंचायतीचे घर नंबर टाकले होते. मी म्हटलं, "बावन्न नंबर म्हणजे कोण? मी जन्मात ऐकला न्हाई. गिरणीवाल्याचं घर असं लिव."

"गिरणी बंद पडली तर?"

"पडली कधीच. तरी तो गिरणीवालाच हाय."

मग त्यानं नंबरही ठेवला आणि नावालाही जागा सोडली. नावं मी माझ्या अक्षरात लिहिली, कारण त्याला आमच्याकडची नावं नीट लिहिता येईनात.

पाचव्या दिवशी ठेकेदार आला. आल्या आल्या त्यानं एक कागद उचलला, आम्हां दोघांना मागं ठेवून शाळेजवळचा एक वॉल काढायला लावला, आणि मिळाला तेव्हा परत आला. मग बसून एकेका पानावर शिक्का मारला. फायलीतल्या नकाशावर स्वतःच्या हातानं लिहिलं, हा कामाच्या आधीचा. टेपवाल्यानं आधीच देवणीहून तीन प्रती काढून आणल्या होत्या. एक त्याला, एक ग्रामपंचायतीला, एक माझ्या घरी, कारण ग्रामपंचायतीच्या कपाटाची चावी नेहमी दुसऱ्या गावाला गेलेली असते. मी सही केली. ठेकेदार म्हणाला, "आजी, पुढचा ठेका मी अशा गावात घेणार न्हाई जिथं तुमच्यासारखी बाई हाय." मी म्हटलं, "मग सरळ गल्लीचं गाव बघा."

दोन दिवसांनी टेपवाले गेला. पेटी उचलून एसटीत बसला, खिडकीतून हात दाखवला नाही, पुढच्या कामाचा कागद वाचत होता. मीही थांबले नाही, दळण पडलं होतं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, शाळेच्या कोपऱ्यावर पाइप फुटला. रस्त्यावर पाण्याचा ओढा झाला. सरपंच धावत माझ्या दारात. "मावशी, कागद काढा!" मी कागद काढला. गोदावरीनं आडापासून टेप धरली, मी ध्वजाच्या कट्ट्यापासून. दोन्ही टेपा जिथं मिळाल्या तिथं सरपंचानं स्वतः पहार मारली. दुसऱ्या घावाला झाकण लागलं. वॉल बंद केला, पाइप जोडला, आणि संध्याकाळी आमच्या शेवटाच्या नळाला पाणी आलं. वरच्या आळीला आलं त्याच वेळी आलं. मी दोन्हीकडं माणूस उभा करून खात्री केली.

मग मी त्याला फोन लावला. तो कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यात होता, मागं मशीनचा आवाज होता.

"भाऊ, पाइप फुटला होता शाळेपाशी."

"वॉल सापडला?"

"दुसऱ्या घावाला."

"कागदावरून?"

"कागदावरून."

"झाकण परत लावलं? माती दाबली?"

"दाबली."

"मग फोन कशाला केला, अक्का?"

तेवढ्यात नळाखाली हंडा भरून वाहायला लागला, म्हणून मी फोन ठेवला.